टाचणीमावशीने लिहिलेला कागद

आमच्या कपड्यांच्या दुकानात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सतरा वर्षं ती तळघरातल्या शिवणखोलीत होती. गिऱ्हाइकाला पँट लांब झाली, कोट खांद्यात सैल पडला, की माल खाली तिच्याकडे जायचा. ओठांत चार-पाच टाचण्या धरूनच ती बोलायची आणि तरी तिचा शब्द न् शब्द कळायचा. म्हणून टाचणीमावशी. मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या कोटांच्या विभागात विक्रीला होते.

तिचे आजी-आजोबा समुद्रापलीकडच्या बेटांवरून बंदरात ओझी वाहायला आले होते. तीन पिढ्या झाल्या, तिचा जन्म इथला, भाषा इथली, पण तिचा गडद काळा रंग आणि बारीक कुरळे केस बघून लोक अजून ‘बेटावरची’च म्हणायचे. त्यात ती स्वतःच्या कपड्यांबाबत अगदी बेफिकीर. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे नीटनेटके करणारी ही बाई एकच तपकिरी स्वेटर कोपरं विरेपर्यंत घालायची. तिचा नवरा छापखान्यात होता. तो म्हणायचा, “हिच्या अंगावर नवीन कपडा दिसला तर समजायचं, गिऱ्हाईक न्यायला विसरलंय.”

ती तळघरातून वर आली त्याला एक कोट कारणीभूत झाला. दुरुस्त केलेला माल द्यायला ती जिना चढत होती आणि समोरून एक रुबाबदार गृहस्थ उतरत होते. ती थेट आमच्या म्हाताऱ्या मॅनेजरांकडे गेली आणि म्हणाली, “त्यांच्या कोटाचं अस्तर खाली ओढलंय. आत काहीतरी जड आहे.” आत आमच्याच दुकानातले तीन शर्ट निघाले. आठवड्याभरात मॅनेजरांनी तिला मजल्यांवर नेमलं. गणवेश नाही, हातात टोपली, गिऱ्हाइकासारखं हिंडायचं आणि लक्ष ठेवायचं. त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती, “तोंडं बघू नकोस, हात बघ.”

हे काम तिने आठ वर्षं चोख केलं. फक्त एक गंमत व्हायची. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी बाई माझ्याजवळ येऊन हळूच सांगायची, “त्या तपकिरी स्वेटरवालीकडे बघा. मघापासून नुसती फिरतेय.” मी गंभीर चेहऱ्याने म्हणायची, “हो, आमचं लक्ष आहे.” नंतर मावशीला सांगितलं की ती हसून हसून बेजार व्हायची. “मला बघण्यात तिचं लक्ष गेलं ना, तिच्या पर्सची चेन उघडी होती,” असं काहीतरी तिचं उत्तर असायचं. मला तेव्हा वाटायचं, तिला याचं काहीच वाटत नाही.

मग म्हातारे मॅनेजर निवृत्त झाले आणि सुरक्षेसाठी वेगळे साहेब आले. वय अठ्ठावीस-एकोणतीस, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मऊ. त्यांनी कॅमेरे बसवले, मावशीच्या कानात बोलण्याचं यंत्र दिलं, आणि आमच्या चहाच्या खोलीत भिंतीवर एक यादी लावली. कुणावर लक्ष ठेवायचं याची यादी. ढगळ कपडे, टोपी, मळके बूट, मोठी पिशवी. सर्वांत खाली लिहिलं होतं, ‘बेटावरचे तरुण, विशेषतः एकटे असल्यास’.

मावशीने चहाचा कप हातात धरून ती यादी वाचली. मी विचारलं, “मावशी, तुम्ही काही बोलणार नाही?”

“मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे,” ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

त्यानंतर ती यादीप्रमाणे चालायला लागली. कानात साहेबांचा आवाज आला की त्या माणसामागे जायचं. पुढे एकदा तिने मला सांगितलं, “पहिला महिना लाज वाटायची. नंतर कानात आवाज यायच्या आतच पाय निघायला लागले. आपलं बेटावरचं पोरगं दिसलं की पाय निघायचे. त्याचीच मला भीती वाटली.”

एका मंगळवारी सकाळी, दुकानात फारशी गर्दी नसताना, एक रंगारी आला. बेटावरचाच, बावीस-तेवीसचा. अंगात रंगकामाचा जाड झगा, त्यावर हिरवे शिंतोडे, खांद्याला पिशवी. हात मात्र मनगटापर्यंत घासून धुतलेले. त्याने खिशातून फडकं काढून ते पुन्हा पुसले आणि कोट बघायला लागला. तिसरा, गडद निळा, त्याच्या मनात भरला. तो माझ्याकडे आला. “ताई, यात एक माप मोठा मिळेल का?”

मी त्याच्या झग्याकडे बघत होते. आमच्या कोटांना रंग लागला तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, “बाहेर आहेत तेवढेच.” मागच्या खोलीत त्या मापाचे दोन कोट होते. मला ते ठाऊक होतं.

तो वळला, आणि त्याला मावशी दिसली. दहा मिनिटं एकच टाय हातात धरून ती त्याच्यामागे उभी होती. त्याने तिची रिकामी टोपली बघितली, कानातली तार बघितली, मग तिचा चेहरा बघितला.

“मावशी, तुम्हीसुद्धा?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

तिच्या कानात साहेब सांगत होते, “सोडू नका त्याला, दारात थांबवतो आपण.”

त्याने कोट परत जागेवर लावला आणि तो खाली उतरला, मावशी त्याच्या मागोमाग. दारात साहेब आणि पहारेकरी उभेच होते. त्याची पिशवी दाराशेजारच्या टेबलावर उपडी केली गेली. फडक्यात गुंडाळलेले ब्रश, खरवडायची पट्टी, जेवणाचा डबा आणि एक घडी घातलेलं पत्र. साहेबांनी पत्रसुद्धा उघडून वाचलं. तंत्रशाळेतल्या मुलाखतीचं बोलावणं होतं ते. आमच्या दुकानाचं सूतसुद्धा सापडलं नाही. आत येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. तो एकेक वस्तू पिशवीत परत भरत होता. एक ब्रश टेबलाखाली घरंगळला. कुणी वाकलं नाही, मावशी वाकली. त्याने तो ब्रश तिच्याकडे न बघता घेतला आणि निघून गेला.

दुपारी साहेबांनी मावशीपुढे छापील कागद ठेवला. त्यावर ‘संशयास्पद हालचाल’ असा एक चौकोन होता. “खूण करून सही करा, मावशी. नुसती पद्धत असते.”

मावशीने तो कागद बाजूला सरकवला आणि एक कोरा मागून घेतला. चहाच्या खोलीत बसून तिने बराच वेळ लिहिलं. मग मला बोलावून वाचून दाखवलं. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे.

‘तो मुलगा अकरा वाजून दहा मिनिटांनी आला. मी चाळीस मिनिटं त्याच्या मागे होते. त्याने हात पुसून चार कोट पाहिले. तिसऱ्याची खांद्याची शिवण तपासली, आणि बरोबर तपासली. विक्रेतीकडे एक माप मोठा कोट मागितला. ती नाही म्हणाली. मागे दोन आहेत. त्याने कोट बटणं लावून जागेवर ठेवला. त्याने काही चोरलं नाही. त्याच्यामागे जावं असं त्याच्या हातांनी काही केलं नाही. मी गेले, कारण तो बेटावरचा होता आणि त्याच्या कपड्यांना रंग लागला होता. मीही बेटावरची आहे. त्या चाळीस मिनिटांत बाकीच्या मजल्यावर कोण काय करत होतं ते मला माहीत नाही.’

“तुझंही लिहिलंय,” ती म्हणाली. “खोडू का?”

माझे कान तापले होते. मी म्हटलं, “राहू द्या.”

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मी दारातच होते. त्यांचा चेहरा उतरला. “मावशी, हे मी वर पाठवलं तर माझं काय होईल?”

“ते मला माहीत नाही, साहेब. पण मला दुसरं काही लिहिता येणार नाही.”

साहेब वाईट नव्हते. ती यादी त्यांना प्रशिक्षणात मिळाली होती आणि त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली होती. कागद तीन दिवस त्यांच्या खणात पडून राहिला. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच तो मालकीणबाईंकडे नेऊन दिला. कुणी त्यांच्या मागे लागलं नव्हतं, हे सांगायलाच हवं.

मालकीणबाई सत्तरीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी साहेब, मावशी आणि मला एकत्र बोलावलं. मला त्या म्हणाल्या, “कोट विकायला ठेवलेत की लपवायला?” साहेबांना म्हणाल्या, “यादी आजच काढा, आणि त्या मुलाला माझ्या सहीचं माफीचं पत्र पाठवा.” पण पत्र पाठवायचं कुठे? आम्ही त्याची पिशवी तपासली होती, पत्ता कुणी विचारलाच नव्हता.

मावशीने तळघरात परत जाण्याची परवानगी मागितली. “माझे पाय बिघडलेत,” एवढंच कारण सांगितलं. मालकीणबाईंनी तिला जाऊ दिलं. ती पुन्हा शिवणयंत्रावर बसायला लागली, पण रोज संध्याकाळी सुटल्यावर कुठे रंगकाम चालू दिसलं की चौकशी करायची. हिरवा रंग कुठे लावताय, एक असा असा मुलगा आहे का. तीन आठवडे ती फिरत होती. नवरा म्हणाला, “अगं, आता तर तू खरंच संशयास्पद दिसतेस.” पण दुसऱ्या दिवसापासून तोही तिच्यासोबत जायला लागला.

शेवटी एका शाळेच्या जिन्यात तो सापडला. शिडीवर उभा राहून भिंत रंगवत होता. नवऱ्याला खाली थांबवून मावशी एकटीच वर गेली. तिने मालकीणबाईंचं पत्र पुढे केलं. त्याने ते घेऊन न वाचता खिशात घातलं.

“मुलाखत झाली?” तिने विचारलं.

“झाली. भावाचा कोट घालून गेलो. बाह्या आखूड होत्या.”

“मग?”

“घेतलं त्यांनी.”

मावशीला फार बरं वाटलं. “तो कोट आण माझ्याकडे,” ती म्हणाली. “बाहीच्या आत कापड दुमडलेलं असतं, दोन बोटं तरी वाढवून देईन.”

“नको,” तो म्हणाला. ब्रश डब्यात बुडवून त्याने दोन फटकारे मारले. मग थांबला. “माफीचं राहू द्या, मावशी. तुम्ही मला वरच सांगायचं होतं, की दारात थांबवणार आहेत म्हणून. माझी तयारी तरी झाली असती. सगळ्यांसमोर असं अचानक नसतं झालं.”

“हो,” ती म्हणाली. “सांगायला हवं होतं.”

ती जायला वळली तेव्हा तो मागून म्हणाला, “कठड्याला हात लावू नका, ओला आहे.”

दुसऱ्या दिवशी तळघरात तिने मला हे सगळं सांगितलं. मी विचारलं, “रागावला होता का?”

“रागावला होता. रागवायलाच हवं होतं त्याने.” मग काम थांबवून तिने माझ्याकडे बघितलं. “तूही एकदा जाऊन ये.”

मी आज जाते, उद्या जाते करत दोन आठवडे काढले. गेले तेव्हा जिना रंगवून पूर्ण झाला होता, शिड्या उचलल्या गेल्या होत्या आणि मुलं धडाधडा पायऱ्या उतरत होती. रंगारी आता कुठे कामाला आहेत, असं मी शाळेच्या शिपायाला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी आणखी कुठे शोधायला गेले नाही.