झिंकवरची पिवळी मासळी

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी एक लढा जिंकले आहे. कुणाविरुद्ध जिंकले, ते विचारायची घाई करू नका. चहा घ्या.

मी तेव्हा रत्नागिरीत कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. ग्राहक संरक्षणाच्या पेपरात वर्गात पहिली आलेली. आता अशा मुलीला रस्त्याने चालताना फसवलेले ग्राहक दिसणार नाहीत तर काय दिसणार? काकांची मच्छीमारी बोट आहे. सुट्टीच्या दिवशी मी बंदरावर जायची आणि लोकांना त्यांचे हक्क सांगायची. लोक जाळी विणत ऐकायचे. म्हणजे जाळी विणायचे.

नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले होते. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींची शेवटची डागडुजी चालली होती, आणि आमच्या बोटीचं सुकाणू चाळणीसारखं झालेलं निघालं. लोखंडी पत्रा, एका हंगामात भोकं. काका हादरले. पौर्णिमेला नारळ वाहिला की सगळ्या बोटी समुद्रात जाणार, आणि आमची वाळूत बसणार.

"वेल्डरने हलका पत्रा लावला," मी निकाल दिला. वेल्डरला फोन करून पाच मिनिटं सुनावलंही. तो बिचारा "अहो ताई, अहो ताई" एवढंच म्हणत राहिला. काका सुकाणू टेम्पोत घालून त्याच्याकडेच ठिगळं मारायला घेऊन गेले, कारण दुसरा वेल्डर नव्हता.

सुकाणूवरून काढलेलं झिंक तेवढं मागे राहिलं. झिंक म्हणजे साबणाच्या वडीएवढी जस्ताची लादी. ती सुकाणूवर, बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याजवळ, बोल्टने बसवतात. का बसवतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. आमचं झिंक एकदम कोरं होतं. आदल्या वर्षी काकांचा पाय मोडला होता, तेव्हा बोट मी एकटीने रंगवली होती. झिंकला निळ्या ऑइलपेंटचे तीन हात दिले होते आणि वर हौसेने एक पिवळी मासळी काढली होती. वर्षभर समुद्रात राहून मासळीचा डोळासुद्धा पुसला नव्हता.

शेजारी शेवंतीकाकीची बोट. नवरा गेल्यावर काकीच ती चालवायला देते आणि मासळी स्वतः विकते. तिचं झिंक बघितलं आणि माझं रक्त उसळलं. उंदरांनी रात्रभर कुरतडलेल्या खोबऱ्याच्या वाटीसारखं दिसत होतं. बोटाने दाबलं तर पापुद्रा निघाला.

"काकी, हे कुठून घेतलंस?"

"मजीदचाचाच्या दुकानातून. पाय मोडायच्या आधी तुज्या काकाने नि मी एकाच दिवशी आणलं."

एकच दुकान, एकच दिवस. पुरुषाला अस्सल माल आणि एकट्या बाईला भुसा? माझ्या डोळ्यांसमोर तक्रारीचा मसुदा तयार होऊ लागला.

"अगो, पण त्याला पाणी दरवर्षी खातंच," काकी म्हणाली. "नवीन आणायचं नि लावायचं."

"दरवर्षी? म्हणजे दरवर्षी फसवतात?"

"फसवत नाय गो, त्याला पाणी खातं म्हणून तर..."

"काकी, अन्यायाची सवय झाली की तो अन्याय वाटत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते परत एकदा म्हटलं.

काकीने मला समजवायचा नाद सोडला आणि टोपली उचलली. "चल बाय. मला तसंही नवीन घ्यायचंच हाय."

आम्ही निघालो. पुढे मी, दोन हातांत दोन झिंक. मागे काकी. वाटेत चारपाच जणी "कुठं चाललीस गो?" विचारत सामील झाल्या, त्यांना मी लढा समजावला. दुकानापर्यंत बारा बायका झाल्या. त्यातल्या निम्म्या मजा बघायला आल्या होत्या, पण मोर्चात असं मोजत नाहीत.

मजीदचाचा चष्मा पुसत होते. मी दोन्ही झिंक काउंटरवर आपटली.

"चाचा, हा अस्सल माल आणि हा नकली. एकाच दिवशी, एकाच दुकानातून. उत्तर द्या."

चाचांनी काकीचं कुरतडलेलं झिंक उचललं, उलटसुलट केलं. "वा. काय सुंदर विरघळलंय." मग आमचं उचललं. "ही मासळी कोणी काढली?"

"मी," मी अभिमानाने म्हटलं.

"चित्र चांगलं हाय. सुकाणूला भोकं पडली काय?"

यांना कुणी सांगितलं?

"बस बेटी. समुद्राचं पाणी खारं. पितळेचा पंखा नि लोखंडी सुकाणू त्यात बुडालं की बॅटरीसारखा बारीक करंट सुरू होतो. कोणीतरी एक विरघळणारच. झिंक असलं तर पहिलं झिंक विरघळतं, म्हणून लोखंड वाचतं. ते खाल्लं जायलाच लावतात." चाचांनी किल्लीने मासळीच्या शेपटीवर ओरखडा काढला. आत जस्त चकचकत होतं. "याला तू रेनकोट घातलास. पाणीच लागलं नाय तर विरघळणार कसं? मग सुकाणू विरघळलं."

मागे बारा बायका. कुणीही हसलं नाही, आणि तेच सहन होईना. शेवटी काकी म्हणाली, "चाचा, मला विरघळणारं एक द्या."

मग मात्र मी वेळ घालवला नाही. वेल्डरकडे पळत गेले, माफी मागितली. त्याने "अहो ताई" एवढंच म्हटलं. काकांना खरं सांगितलं. त्यांनी तारेचा ब्रश हातात दिला. दोन दिवस घासून मी ती मासळी डोळ्यासकट काढली. ठिगळांचं सुकाणू चढलं, उघडं झिंक मीच बोल्टने आवळलं, आणि पौर्णिमेला नारळ पाण्यात पडला तेव्हा आमची बोट सगळ्यांबरोबर पाण्यात होती.

पुढच्या पावसाळ्यात बोट वर ओढली. सुकाणू धडधाकट. झिंक? बिस्किटाएवढं उरलेलं, कुरतडलेलं, कुरूप. माझ्याविरुद्ध मीच जिंकलेली ढाल असल्यासारखं मी ते डोक्यावर धरून अख्ख्या बंदरावर मिरवलं.

त्याच दिवशी बोटी रंगवतात तिथे मी एक पाटी लावली: "झिंकला रंग लावू नये." माझी पहिली कायदेशीर सूचना, आणि सगळं बंदर ती पाळतं. खाली काकांनी त्यांच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: "वकीलबाईंना ब्रश देऊ नये."

तीही सगळे पाळतात.