बरी हाव जी

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

मानसशास्त्राच्या एम.ए.साठी साकोलीच्या दवाखान्यात प्रकल्प होता. नैराश्याचा रुग्ण आपल्या त्रासाला किती गुण देतो आणि डॉक्टर किती देतात, ते ताडून पाहायचं. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न मी वाचून दाखवायचो. माझा कागद डॉक्टरांना दाखवायचा नाही, असा नियम होता.

एकोडीकडची एक बाई जावेसोबत आली. भाताच्या रोवणीचे दिवस, तरी अंगावर ठेवणीतली साडी.

"बसमधी एक जण म्हणे, लग्नाले चालल्या का?" जाऊ म्हणाली. बाईही हसली.

जाऊ बाहेर गेल्यावर मी झोपेचं विचारलं.

"रात सारी उघड्या डोळ्यानं जाते." पुढच्या एका प्रश्नाला तिनं आधी दाराकडे पाहिलं. "लेकराचं तोंडबी पाहावं वाटत नाही. हे लिवू नका." मग म्हणाली, "नाही, लिवा."

तिचे गुण सगळ्यात वरच्या गटात गेले.

नंतर डॉक्टरांनी तिला तपासलं. बाहेर रांग होती, तरी त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. मी कोपऱ्यात बसलो होतो.

"कशा आहात?"

"बरी हाव जी."

"झोप?"

"लागते जी. फक्त तुमच्या साकोलीची बस बरी नाही."

डॉक्टर हसले. त्यांनी 'सौम्य' लिहिलं, जास्त काही नाही म्हणाले आणि महिन्याभरानं बोलावलं. आमच्याकडे मोठ्या माणसानं विचारलं, तर असंच उत्तर देतात. माझी आईही असंच म्हणाली असती.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. नियम मोडून मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "फोन लाव. उद्याच बोलव."

फोन तिच्या नवऱ्याचा होता. "डॉक्टरनंच म्हटलं ना, जास्त काही नाही? रोवणी सोडून कायले येऊ?" मग डॉक्टर स्वतः बोलले. तो "हो जी, हो जी" म्हणाला. तेव्हाच मला कळलं, हे येणार नाहीत.

रविवारी मी तिच्या गावात गेलो. घराला कुलूप होतं, सगळे बांधीत, भाताच्या शेतात. माझे प्रकल्पाचे गाईड म्हणाले, "दोन्ही गुणांतला हा फरकच तुझा निष्कर्ष." मी तो लिहिला. दुसरं काय करावं, मला सुचेना.

दिवाळीनंतर साकोलीच्या बसस्थानकावर ती जाऊ भेटली.

"तिले लाखांदूरले माहेरी नेऊन सोडलं. आता कोणाशी बोलतच नाही."

"पुन्हा दवाखान्यात काहून नाही आणलं, काकू?"

"मी म्हटलं होतं ना, चाल. तं म्हणे, त्या कॉलेजच्या पोराजवळ सांगतलं सारं. त्यानं लिवलेलं डॉक्टरले देलं असंन, तरी ते म्हणे जास्त काही नाही. आता अजून कोणाले सांगू?"