गादीवरचे काका

मी मस्तगडच्या नेट कॅफेत कामाला होतो, तेव्हाचं सांगतो. कापडाच्या दुकानातले एक काका दर रविवारी यायचे आन् दारातूनच सुरू व्हायचे, "टाइप कर जल्दी! गुडघ्याची झीज. ऑपरेशन न्हाई करायचं, हां!"

मंग मी धडाधड टाइप करायचो, मराठीत सांगायचो. मांडीचे व्यायाम, शेक, वजन कमी. ते प्रत्येक उपायाला "बराबर" म्हणायचे. शेवटी हमेशा तोच सवाल, "आन् मांडी घालून बसलं तर?"

"बिलकुल न्हाई काका! सगळीकडं लिहिलंय, खुर्ची वापरा."

"खुर्ची!" म्हणून ते नुसतं हसायचे.

दिवाळीला आईला घेऊन त्यांच्या दुकानात गेल्तो. बघतो तर काय, काका पांढऱ्या गादीवर मांडी घालून! कापडाचा ताका काढायला उठले की भिंतीला हात, बसताना तोंड कसनुसं. आई गुडघा धरून खाली बसायला लागली, तर म्हणले, "थांबा ताई, मांडी घालू नका, त्रास वाढतो." आन् कोपऱ्यातलं एकुलतं स्टूल तिला दिलं.

मी ओरडलोच, "काका, आन् तुम्ही?"

त्यांनी गल्ल्याकडं बघितलं. मालक गादीवरच बसले होते.

"हळू बोल," काका पुटपुटले. "मालक खाली आन् नौकर वर, असं असतं का कुठं?"

मंग साडी उलगडत त्यांनी आईच्या स्टुलाकडं बोट केलं. "तू म्हणला ना, खुर्ची वापरा? वापरली की!"

आन् उलगडलेल्या साडीखाली, मालकाला दिसू न देता, ते गुडघा दाबून राह्यले होते.