लिटरली गायींच्या घेऱ्यात

मंडळी, आज घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. लेकीला सकाळीच स्कूटीवरून केळीची पानं आणायला करोंदच्या मंडईत पिटाळलं.

थोड्या वेळाने तिचा फोन. "आई, मला लिटरली गायींनी घेरलंय!"

आता आमची सई रोजच लिटरली भुकेने मरते आणि कॉलेजात लिटरली वेडी होते. मी म्हटलं, "बरं, लवकर ये," आणि पुरण वाटायला घेतलं.

मग व्हिडिओ कॉल आला. पिपलानीच्या वळणावर स्कूटी उभी, चारही बाजूंनी गायी, आणि मागच्या सीटवरची आमची पानं त्या निवांत चघळतायत! "आता तरी पटलं का, यार?"

पोरीने तो शब्द पहिल्यांदाच बरोबर वापरला आणि नेमका तेव्हाच मी विश्वास ठेवला नाही! हसू आवरेना. नवरा काठी घेऊन धावला, पण नैवेद्याआधी गायींचं जेवण उरकलं होतं. सवाष्णींना स्टीलच्या ताटांत वाढलं.

तुमच्या घरात कोणता शब्द असा वापरून गुळगुळीत झालाय?

जेवताना सई म्हणाली, "आई, कढी छान झालीय." नुसती छान. मला ते लगेच खरं वाटलं.