टँकरखाली सापडलेली मांजरी

कोपरखैरण्यात शालनला सगळे ओळखत ते तिच्या कडक आवाजामुळे. बाई साताऱ्याकडची, नवरा बाबासो तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती वाहायचा. मूलबाळ नव्हतं. दारात येणाऱ्या एका करड्या मांजरीला ती रोज शिव्या घालायची आणि रोज दूधभाकरी कुस्करून ठेवायची.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात ती मांजरी पाण्याच्या टँकरखाली सापडली. मेली नाही. मागचं अंग फरफटत शालनच्या उंबऱ्यापर्यंत आली.

शालननं पाटीत जुनं लुगडं अंथरलं, तिला त्यात ठेवलं आणि रस्ता गाठला. रिक्षावाल्यानं पाटीत डोकावून, "नको बाई, सीट खराब होईल," म्हणत रिक्षा पुढे काढली. मग ती वाशीपर्यंत चालतच गेली. तिथं कुत्र्यामांजरांचे एक डॉक्टर बसत.

डॉक्टरांनी हळुवार हातानं पाठ चाचपली. "मावशी, कणा मोडलाय. परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेलंत तरी हेच सांगतील. इंजेक्शन देतो, झोपेतच जाईल."

"म्हंजी मारायची?"

डॉक्टरांनी इंजेक्शनची बाटली काढून टेबलावर ठेवली.

गावाकडे गुरांचा डॉक्टर आला की आडवी पडलेली म्हैस उठून उभी राहिलेली तिनं पाहिली होती. "बरी करायला आणलीया वो. माज्या दारात आली ती, जगायला आली," असं म्हणून तिनं पाटी उचलली.

घरी मांजरी पाण्यालाही तोंड लावेना. संध्याकाळपासून विव्हळायला लागली, तान्ह्या पोरासारखी. शालननं हळद लावली, अंगावरून हात फिरवला. हात लागला की ती आणखीच ओरडायची.

"डॉक्टरचं ऐकाय पायजे हुतं," बाबासो म्हणाला. ती त्याच्यावर खेकसली. पण तिला कळून चुकलं होतं.

सकाळी ती पुन्हा पाटी घेऊन वाशीला गेली. दवाखान्याचं शटर खाली होतं.

"आज रविवार," वॉचमन म्हणाला. "उद्या या."

"उद्या?" ती पायरीवरच बसली. पाटीवर पदराची सावली धरली आणि "वाईच कड काढ," म्हणत राहिली. येणारेजाणारे थांबायचे, चुकचुकायचे, पुढे जायचे. ऊन डोक्यावर आलं तसा विव्हळण्याचा आवाज बारीक होत गेला, मग थांबला.

खाडीकडच्या मऊ मातीत तिनं हातांनीच खड्डा केला.

घरी बाबासोनं विचारलं, "दिलं का इंजेक्शन?"

तिनं मान हलवली. होय की नाही, ते त्याला कळलं नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही.