बंद खोलीतले ठसे
लिंबाच्या वाळलेल्या सालींचा वास आला की मला मांजरी गावातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. वडील जाऊन महिना झाला होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नव्हता, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. मला कॉलेज सोडायला लावून कामाला घालायचं, असं काकांनी ठरवलं होतं आणि आई गप्प होती. वडिलांच्या खोलीत औषधांचा वास मुरला होता. म्हणून मी सालींची पूड खाण्याच्या सोड्यात मिसळून फरशीभर पसरली आणि दार-खिडकी लावून कॉलेजला गेलो. परतलो तर आई त्या खोलीच्या दारात उभी. "पीठ कुणी पसरलं रं?" "पीठ नाय आई, सोडा हाय. वास जातो त्यानं." तिनं नुसतं बोट दाखवलं. पांढऱ्या पुडीत पक्ष्याच्या पायांचे ठसे खाटेपासून उंबऱ्यापर्यंत आले होते. खिडकीची कडी लावलेलीच होती. आईनं हात जोडले आणि रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाली, "अहो, पोराचं कॉलेज मी सुटू देणार नाय. जावा आता निवांत." मग तिनं काकांना फोन लावला. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. त्या ठशांबद्दल मात्र आम्ही दोघं अजून एकदाही बोललेलो नाही.