आमचुराने उजळलेल्या कड्या

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही लेकीकडे नोएडाला राहायला जाणार होतो. तिने आधीच बजावलं, जुनं सामान आणायचं नाही. बाकी सगळ्यावर मी पाणी सोडलं, पण माझं शिसवी ड्रेसिंग टेबल? लग्नात वडिलांनी दिलेलं. ते कबाडीवाल्याला द्यायचं म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

तिचं म्हणणं एवढंच, की त्याच्या खणांच्या पितळी कड्या काळ्याठिक्कर पडल्यात, बघवत नाही. मीही इरेला पेटले. म्हटलं, कड्या उजळल्या तर टेबल येणार, नाहीतर नाही. आणि त्या तूच उजळायच्या. ती म्हणाली, बिल्कुल. मग क्वार्टरची किल्ली तिच्याकडे देऊन मी पुण्याला भाचीच्या लग्नाला गेले. हिने जन्मात साधा तांब्या घासलेला नाही. झालं, गेलं टेबल, असंच मी धरून चालले होते. तरी राहवेना, म्हणून फोनवर सांगितलं, आमसूल आणि मीठ लावून चोळ, लाकडाला लागू देऊ नकोस.

परत आले आणि दारातच थबकले. कड्या अशा लखलखत होत्या! बाईसाहेबांनी स्क्रू काढून एकेक कडी सुटी केली होती, नक्षीच्या खाचांतून जुना टूथब्रश फिरवला होता, धुतल्याबरोबर पुसून कोरडी केली होती. किल्लीच्या भोकाभोवतीची पट्टीसुद्धा सोडली नव्हती. त्या पट्टीवर मोर आहे, हे मला इतक्या वर्षांत तेव्हा कळलं. शाब्बास गं माझी बाय!

दिल्लीत आमसूल कुठून पैदा केलंस, असं विचारलं, तर तिने माझ्याच स्वयंपाकघरातला डबा पुढे केला. आमचूर! आम्ही वरणात चिंच घालणारे. आमसूल हा शब्द पोरीच्या कानावर पडलाय कधी? तिला फोनवर आमचूरच ऐकू आलं. मी पोट धरधरून हसले. आंबट ते आंबट, पितळेला काय कळतंय.

"मग नेशील ना आता टेबल?" मी विचारलं.

"नेणार म्हणजे काय," कडीवरून बोट फिरवत ती म्हणाली. "पण आई, हे माझ्या खोलीत राहणार हं."

घ्या! जिच्या तावडीतून वाचवायचं, तिनेच लाटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून अभिमान जास्त वाटला. आता नोएडात रोज सकाळी मी तिच्या दारावर टकटक करते आणि विचारते, बाई, पावडर लावायला येऊ का?